रथाकडे पाठ फिरवलेला कॅमेरा: ‘राम के नाम’ आणि पुजारी लालदास

१९९०च्या ऑक्टोबरात देशातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना एकच गोष्ट टिपायची होती, ती म्हणजे रथ. २५ सप्टेंबरला सोमनाथहून लालकृष्ण अडवाणी निघाले होते. टोयोटाच्या एका छोट्या ट्रकला रथाचा साज चढवलेला. ३० ऑक्टोबरला अयोध्येत पोचून बाबरी मशिदीच्या जागी राममंदिर उभारण्यासाठी कारसेवा करायची, असा बेत. त्याआधी ७ ऑगस्टला पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंहांनी मंडल आयोगाच्या, म्हणजे इतर मागासवर्गीयांना सरकारी नोकऱ्यांत आरक्षण देण्याच्या, शिफारशी लागू करण्याची घोषणा केली होती आणि उत्तर भारत आधीच पेटलेला होता. रथ महाराष्ट्रातूनही गेला, मुंबईतही आला. वर्तमानपत्रांना फोटो हवे होते आणि रथ म्हणजे आयता फोटो.

मुंबईचे माहितीपटकार आनंद पटवर्धन यांनीही रथ चित्रित केला. पण त्यांचा ‘राम के नाम’ हा माहितीपट आज पाहिला तर लक्षात राहतो तो रथ नव्हे. लक्षात राहतात रस्त्याच्या कडेला उभी असलेली, शेतात राबणारी, एखाद्या आश्रमाच्या ओसरीवर बसलेली माणसं. त्या वेळी त्यांच्याकडे कुणी माईक नेला नव्हता. धार्मिक संघर्षातली कोणती गोष्ट नजरेआड होते, ती कोण शोधतं आणि शोधून पडद्यावर आणल्यावर पुढे तिचं काय होतं, हे एकाच चित्रपटाच्या आधाराने पाहायचं झालं तर याच्याइतकं बोलकं दुसरं प्रकरण आपल्याकडे क्वचितच असेल. सुरुवातीलाच सांगून टाकतो: मला हा चित्रपट निर्दोष वाटत नाही. त्याबद्दल पुढे बोलूच.

चित्रीकरण कसं झालं

पटवर्धन हे अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धनांचे पुतणे. अहमदनगरच्या समाजवादी घराण्याचा तो वारसा. ‘राम के नाम’च्या आधी त्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांवर आणि दहशतवादाच्या काळातल्या पंजाबवर माहितीपट केले होते. पंजाबचा तो चित्रपट, ‘राम के नाम’ आणि १९९५चा ‘फादर, सन अँड होली वॉर’ ही धर्म आणि हिंसा या विषयावरची त्रयी मानली जाते.

पथक अगदी लहान होतं. कॅमेरा पटवर्धनांच्या हातात, आवाज नोंदवायला परवेझ मेरवानजी. हे तेच, ज्यांनी १९८९मध्ये ‘पर्सी’ हा गुजराती चित्रपट दिग्दर्शित केला होता. संकलनही पटवर्धनांचंच. निर्माता नाही, वाहिनी नाही, कुणाची ऑर्डर नाही.

चित्रीकरण १६ मिलिमीटर फिल्मवर झालं. मोबाइलवर तासन्तास शूटिंग करणाऱ्या आजच्या पोरांना याचा अर्थ पटकन कळायचा नाही. १६ मिलिमीटरचं ४०० फुटी रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. ते संपलं की मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा, बदलायचं. फिल्म महाग, धुलाई महाग आणि काय आलंय ते प्रयोगशाळेतून परत येईपर्यंत कळत नाही. म्हणजे कॅमेरा चालू ठेवून वाट बघत बसायची सोय नाही. कुणासमोर तो सुरू करायचा हे आधी ठरवावं लागतं. रथापुढे नाचणाऱ्यांवर रीळ खर्च करायचं की त्या गर्दीकडे लांबून बघणाऱ्या शेतमजुरावर? ‘राम के नाम’मधली निवड या टंचाईतूनच अधिक धारदार झाली असावी, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न विचारणारा चौकटीत दिसत नाही, कॅमेऱ्यामागून त्याचा आवाज तेवढा येतो. प्रश्नही छोटे: इथे कधीपासून राहता? या देवळात तुम्हाला आत जाऊ देतात का? मंदिर झाल्यावर तुमचं काय होईल? लहान मूलही विचारेल असे. उत्तरं मात्र तशी नाहीत.

ओसरीवरची माणसं

अयोध्येच्या आसपासच्या शेतांत काम करणाऱ्या दलित स्त्री-पुरुषांशी चित्रपट बोलतो. रामाच्या नावाने देशभर वादळ उठलं असताना रामाच्या गावच्या वेशीवरची ही माणसं सांगतात की आम्हाला देवळात मान नाही आणि मंदिर झालं काय, न झालं काय, आमच्या पोटापाण्यात फरक पडणार नाही. ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ अशा सरळ रेषेत बसवलेल्या या वादात जात कुठे होती, याचं उत्तर या चार-दोन मिनिटांत मिळतं. मंडलची पार्श्वभूमी ठाऊक असलेल्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

अयोध्येतले मुसलमानही चित्रपटात आहेत. बाहेरच्यांना अयोध्या म्हटलं की फक्त साधू आणि घाट डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात साधूंच्या खडावा घडवणारे, देवाला वाहायची फुलं पिकवणारे आणि हार ओवणारे यांत पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान होते. हनुमानगढी या अयोध्येतल्या मंदिराला अवधच्या नबाबांनी जमीन दिली होती. त्या गावातलं जगणं असं गुंतलेलं होतं आणि बाहेरून आलेल्या कारसेवकांना त्याचा पत्ता नव्हता.

मग महंत रामसेवकदास शास्त्री येतात. २२-२३ डिसेंबर १९४९च्या रात्री बाबरी मशिदीत मूर्ती ठेवल्या गेल्या. त्या ‘प्रकट झाल्या’, अशी कथा पुढे रुजली आणि नव्वदीत व्हिडिओ कॅसेटींवरून तिचा प्रचार जोरात चालला होता. चित्रपटात रामसेवकदास शांतपणे सांगतात की त्या कामात आपण होतो आणि जिल्हाधिकारी के. के. नायर यांची त्याला फूस होती. हेच नायर, ज्यांनी मूर्ती हलवण्याचा वरून आलेला आदेश पाळला नाही आणि जे १९६७मध्ये जनसंघाच्या तिकिटावर बहराइचहून लोकसभेत गेले.

हा कबुलीजबाब छुप्या कॅमेऱ्याने मिळवलेला नाही, बोलता बोलता कुणाला कात्रीतही पकडलेलं नाही. महंतांना यात लपवण्यासारखं काही वाटतच नाही, उलट अभिमानच वाटतो. चाळीस वर्षांत त्यांना कुणी नीट विचारलं नव्हतं, इतकंच. दुर्लक्षित गोष्ट नेहमी कुठे तरी दडवलेलीच असते असं नाही. पुष्कळदा ती उघड्यावर पडलेली असते, फक्त बातमीच्या चौकटीत बसत नाही. पुढे ९ नोव्हेंबर २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जमीन मंदिरासाठी दिली, पण त्याच निकालात १९४९ची ती कृती आणि १९९२चा विध्वंस ही दोन्ही बेकायदा ठरवली. १९४९च्या त्या रात्रीबद्दल एका सहभागी माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं मात्र १६ मिलिमीटरच्या त्या रिळात आधीपासूनच होतं.

पुजारी लालदास

या चित्रपटाचा प्राण म्हणजे पुजारी लालदास. वादग्रस्त जागेतल्या रामलल्लाच्या पूजेसाठी न्यायालयीन व्यवस्थेतून नेमलेले ते मुख्य पुजारी होते. म्हणजे ज्या मूर्तीसाठी देशभर विटा गोळा होत होत्या, तिला रोज नैवेद्य दाखवणारा माणूस. त्यांना काय वाटतं, हे विचारायला रांग लागायला हवी होती.

लालदास बोलतात ते हळू, आवाज न चढवता. आजूबाजूला संरक्षणाला दिलेली बंदूकधारी माणसं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की विश्व हिंदू परिषदेने मांडलेला हा राजकारणाचा खेळ आहे. या मंडळींपैकी कुणी रामासमोर येऊन कधी साधी पूजा केली नाही. यातून पैसा आणि मतं हवी आहेत, आणि त्यापायी ज्या गावात दोन्ही समाज एकत्र नांदले तिथे रक्त सांडेल. शेवटाकडे ते तुलसीदासांच्या किष्किंधाकांडातल्या पावसाळ्याच्या वर्णनाकडे वळतात: ‘हरित भूमि तृन संकुल समुझि परहिं नहिं पंथ, जिमि पाखंड बाद तें गुप्त होहिं सदग्रंथ.’ पावसात गवत इतकं माजतं की वाट दिसेनाशी होते, तसे पाखंड्यांच्या बडबडीत सद्‌ग्रंथ हरवून जातात. आणि पावसाळा कायमचा नसतो, हेही ते सुचवतात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. धर्मनिरपेक्षतेची बाजू मांडणारे आपल्याकडे बहुतेक वेळा धर्माबाहेर उभे राहून बोलतात. चित्रपटातही तसा एक आवाज आहे: पाटण्याच्या सभेत बोलणारे कॉम्रेड ए. बी. बर्धन, आपल्या नागपूरचे, १९५७मध्ये तिथूनच विधानसभेवर निवडून गेलेले. भाषण फर्डं आहे, टाळ्या घेणारं आहे. तरीही लालदासांची दहा वाक्यं त्याच्यापेक्षा खोल जातात. ते धर्माच्या गाभाऱ्यातून बोलतात आणि त्यांचा पुरावा रामचरितमानस आहे. त्यांना ‘तुम्हाला रामाबद्दल काय कळतं?’ असं विचारायची सोय नाही.

पुढचा क्रम असा. जून १९९१मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांचं सरकार आलं. मार्च १९९२मध्ये लालदासांना पुजारीपदावरून हटवण्यात आलं आणि त्यांच्या जागी सत्येंद्र दास आले. ६ डिसेंबरला मशीद पाडली गेली. नोव्हेंबर १९९३मध्ये लालदासांचा गोळ्या घालून खून झाला. वर्तमानपत्रांत ती आतल्या पानावरची छोटी बातमी होती.

त्यांच्या मृत्यूला चित्रपटाशी थेट जोडण्याचा मोह अनेकांना होतो. मला ते पटत नाही. कॅमेरा येण्याआधीपासून ते उघड बोलत होते, संरक्षणाची गरजही आधीपासूनच होती. पटवर्धनांनी सांगितलेली एक आठवण मात्र इथे नोंदवायलाच हवी. चित्रपट पहिल्यांदा लखनौमध्ये दाखवला तेव्हा लालदास आले होते. यामुळे तुमच्या जिवाला धोका वाढेल असं वाटत नाही का, असं विचारल्यावर त्यांनी स्वतः लोकांना दाखवण्यासाठी आणखी कॅसेट मागून घेतल्या. ज्याची मुलाखत घेतली त्यालाच ती लोकांपर्यंत जायला हवी आहे, यापेक्षा भक्कम संमती माहितीपटाला मिळत नाही. आज संमतीपत्रावर सही घेऊन मोकळे होणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.

दाखवण्याची लढाई

चित्रपट ७५ मिनिटांचा. सेन्सॉरने ‘यू’ प्रमाणपत्र दिलं, म्हणजे लहान मुलांनीही पाहावा असा. शोधपर माहितीपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, फिल्मफेअर मिळालं. आणि दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला.

त्या काळी घरात टीव्ही म्हणजे दूरदर्शन. झी टीव्ही सुरू झाला तोच मुळी ऑक्टोबर १९९२मध्ये. याच दूरदर्शनने जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ दर रविवारी सकाळी रामायणाची मालिका दाखवली होती आणि गावोगावी टीव्हीला हार घालून लोक ती पाहत होते. रामाची एक प्रतिमा घराघरांत नेणारं सरकारी माध्यम रामाच्याच पुजाऱ्याला मात्र जागा द्यायला तयार नव्हतं. कारण नेहमीचंच, शांतता बिघडेल. पटवर्धन न्यायालयात गेले. प्रसारण झालं ते मशीद पडून काही वर्षं उलटल्यावर. मधल्या काळात डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या मुंबई दंगलींत ९०० माणसं मेली होती. हा आकडा श्रीकृष्ण आयोगाचा. शांतता चित्रपटाशिवायच बिघडली होती.

वेळेवर दाखवला असता तर मशीद वाचली असती का? असं मानणारे आहेत. एका माहितीपटाने लाखोंचा लोंढा थोपवला असता यावर माझा विश्वास नाही. पण मुद्दा परिणामाचा नव्हताच. ज्यांच्या पैशावर दूरदर्शन चालत होतं त्यांना दुसरी बाजू ऐकायचा हक्क होता आणि तो ऐन गरजेच्या वेळी नाकारला गेला.

पटवर्धनांच्या अनेक माहितीपटांना दूरदर्शनची दारं कोर्टाची पायरी चढूनच उघडली. ‘फादर, सन अँड होली वॉर’चं प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६मध्ये निकाल पटवर्धनांच्या बाजूने लागला. त्यातलं एक सूत्र असं, की चित्रपटाबद्दल मत बनवायचं ते सुटी दृश्यं काढून नव्हे, तर तो अखंड पाहून, सर्वसाधारण समंजस प्रेक्षकाच्या नजरेने. न्यायालयाने हे सांगितलं सरकारी समित्यांना. ते लागू होतं मात्र चित्रपटाच्या चाहत्यांनाही.

दूरदर्शनबाहेर त्याचा प्रवास व्हीएचएस कॅसेटींवरून झाला. कॉलेजं, कामगार संघटना, वस्त्यांमधली मंडळं, फिल्म सोसायट्या. भाड्याचा टीव्ही, पन्नास-साठ माणसं आणि चित्रपट संपल्यावर दोन तास वादावादी. स्वतंत्र माहितीपटाचं वितरण त्या काळात असंच चालायचं आणि आजही फार वेगळं नाही. फरक पडला तो यूट्यूबने आणि तो फरक मला दोन्ही अंगांनी दिसतो.

क्लिपमध्ये कोण उरलं

आता माझी तक्रार. ‘राम के नाम’चा सर्वाधिक फिरणारा तुकडा कोणता? कारसेवेला आलेल्या तरुणांना विचारलं जातं की राम कधी जन्मला, कोणत्या शतकात? वकिली शिकणारा मुलगाही गडबडतो, हसतो, मित्रांकडे बघतो. तीस सेकंदांचा मामला. व्हॉट्सअॅपवर येतो, लोक हसतात, पुढे ढकलतात.

प्रसंग खरा आहे आणि संकलनात त्याची जागाही चुकलेली नाही. पण चित्रपटाची दुबळी बाजूही हीच. श्रद्धेला तारीख विचारायची आणि ती सांगता आली नाही म्हणून हसायचं, यात विचारणाऱ्याचा विजय फार स्वस्त होतो. आषाढीला पायी निघालेल्या वारकऱ्याला पुंडलिकाचं जन्मसाल विचारून काय हाती लागणार? तो पोरगा घर सोडून का निघाला, त्याला काय मिळेल असं वाटत होतं, हे विचारायला हवं होतं. तिथे चित्रपट फार थांबत नाही. कारसेवक त्याला गर्दी म्हणून दिसतात, माणूस म्हणून कमी वेळा दिसतात. लालदासांना आणि शेतातल्या बायकांना दिलेला धीर या पोरांनाही मिळाला असता तर चित्रपट आणखी अवघड झाला असता आणि विरोधकांनाही तो सहज झटकून टाकता आला नसता.

गंमत अशी की ज्यांच्यासाठी हा चित्रपट वेगळा ठरला, ती माणसं क्लिपमध्ये येत नाहीत. लालदासांचं बोलणं संथ आहे, ते कापून तीस सेकंदांत बसत नाही. शेतातल्या बाईचं वाक्य समजायला आधीची पाच मिनिटं लागतात. रामसेवकदासांची कबुली कळायला १९४९चा संदर्भ हवा. म्हणजे बातम्यांनी जे गाळलं ते पटवर्धनांनी गोळा केलं आणि त्यांच्याच चित्रपटाच्या चाहत्यांनी ते पुन्हा गाळलं. फिल्म सोसायटीत हा चित्रपट दाखवल्यावर कुणी फक्त ‘तो राम कधी जन्मला वाला सीन’ आठवून हसायला लागलं की मी हटकून विचारतो, पुजाऱ्याचं नाव काय होतं? बहुतेकांना सांगता येत नाही.

सध्या धार्मिक संघर्षावर काम करू पाहणाऱ्या तरुण माहितीपटकारांना हे प्रकरण यासाठीच दाखवावंसं वाटतं. आपल्याकडे दंगलीवर काम करायचं म्हटलं की पहिली धाव असते ती जळालेल्या दुकानाकडे आणि भडकाऊ भाषणाकडे. दोन्ही लागतात. पण त्या गावात रोजची पूजा करणारा कोण, हार ओवणारा कोण, मिरवणुकीचा मार्ग ठरवणाऱ्या बैठकीला कोण बसतं, दुसऱ्या दिवशी दूध कोण घालतं, यांच्याकडे जायला दिवस लागतात आणि ही माणसं पहिल्या भेटीत बोलत नाहीत. वाहिनीच्या बातमीदाराला तो वेळ नसतो. स्वतंत्र माहितीपटकाराकडे पैसा नसतो, पण वेळ असतो आणि त्याने तो तिथेच घालवायला हवा.

२०२४

२२ जानेवारी २०२४ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली, त्या आठवड्यात हा बत्तीस वर्षांपूर्वीचा चित्रपट पुन्हा बातमीत आला. हैदराबादच्या सैनिकपुरीत एका कॅफेत तो दाखवला जात असताना काही जणांनी येऊन तो बंद पाडला आणि तक्रारीवरून पोलिसांनी कारवाई केली ती दाखवणाऱ्यांवर. तिघांना ताब्यात घेतलं. पुण्यात एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांनी त्याच दिवसांत हा चित्रपट दाखवला होता आणि बाबरीची आठवण देणारा बॅनर लावला होता. २३ तारखेला बाहेरून आलेला जमाव आवारात घुसला, विद्यार्थ्यांना मारहाण झाली, बॅनर जाळला गेला.

‘यू’ प्रमाणपत्र, राष्ट्रीय पुरस्कार, न्यायालयाच्या दारातून गेलेलं दूरदर्शनचं प्रसारण. कायद्याच्या नजरेने याहून स्वच्छ कागदपत्रं आपल्याकडे फार थोड्या माहितीपटांची असतील. तेव्हा कुणी लावणार असेल तर प्रमाणपत्राची झेरॉक्स जवळ ठेवावी, जवळच्या वकिलाचा नंबर लिहून ठेवावा आणि चित्रपट अर्ध्यात न थांबवता लालदासांपर्यंत न्यावा.